कुसुमचं वाक्य

सौसर, गुरुवार, १ नोव्हें. १९५६
आजपासून नवा मध्यप्रदेश. राजधानी भोपाळ. नागपूर मुंबईच्या पदरात, आणि आम्ही इकडे. शाळेत पेढे वाटले. मी घेतला नाही. घरीही जेवलो नाही.
सातवीला ॲक्सेप्ट हे क्रियापद घेतलं. आपली नेहमीची रीत: अर्थ, उलट शब्द, वाक्य. उलट शब्द तीन. डिक्लाइन म्हणजे हात जोडून नाही म्हणणं. रिजेक्ट म्हणजे पारखून बाजूला टाकणं. रिफ्यूज म्हणजे सरळ तोंडावर नाही. संध्याकाळी कुसुमकडूनही म्हणून घेतलं. मॅट्रिक झाली पोरगी, पण मी थोडाच सोडतो.

रवि. ११ नोव्हें.
पांढुर्ण्याहून मेहुणे आले. कुसुमसाठी नागपूरचं स्थळ. मुलगा कचेरीत आहे, वडील नाहीत, मामा सगळं बघतात. पुढच्या रविवारी पाहायला येणार. आपण तर राहिलोच इथे, निदान पोरगी तरी मराठी मुलखात जाईल. सौ. खूश. कुसुम संत्री निवडत होती, काही बोलली नाही. म्हणजे होच की.

रवि. १८
पाहुणे आत्ताच गेले.
मुलगा, त्याची आई, मामा. सकाळच्या गाडीने आले. नाव, स्वयंपाक, शिवण, सगळं विचारून झालं. मलाच राहवलं नाही. मामांना म्हटलं, "इंग्रजी विचारा ना एखादं क्रियापद. ॲक्सेप्ट विचारा."
विचारलं. कुसुमने मान वर केली. अर्थ, मान्य करणे. उलट शब्द, रिफ्यूज. वाक्य, "आय रिफ्यूज धिस मॅरेज."
आणि मुलाची आई म्हणते, "बाप्पा! पोट्टी त फाडफाड बोलते!" लगेच ओटीत नारळ. सौ.ही हसतेय. तिला इंग्रजीचा गंध नाही. मामांच्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली. मुलगा खाली बघत बसला.
मी हसलो. म्हणालो, उदाहरण दिलं तिने.
काय करायला हवं होतं मी?

सोम. १९
शाळेत लक्ष नव्हतं. घरी येऊन कुसुमला विचारलं, हे कसलं वाक्य?
"वाक्य नोतं बाबा. उत्तर होतं."
"मग डिक्लाइन म्हणायचं!" हे माझ्या तोंडून निघालं. अशा वेळी हे! मास्तरकी हाडात मुरलीय मेली.
ती म्हणाली, "हात जोडून सांगतलं असतं त तुमी आयकलं असतं? सौसर कोनाकडं द्याचं हे तुमाले कोनी इचारलं नाही, म्हनून जेवन सोडलं होतं तुमी. मले कोनं इचारलं?"
चपला न घालताच बाहेर पडलो, पार लोधीखेड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ध्यानात आलं.

गुरु. २२
मेहुणे पुन्हा हजर, मामांचा निरोप घेऊन. मुलगी पसंत. रविवारी येऊन साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकू. आणि वर, "पोरीच्या त्या वाक्याचं आम्ही मनावर घेतलं नाही. लग्न झालं की विसरते."
म्हणजे कळलं होतं! मामांना कळलं, मुलालाही कळलं असणार. कळूनही पसंत!
मेहुण्यांपुढे एक शब्द बोललो नाही. ते हो समजून पांढुर्ण्याला गेले. मीही असाच हो समजलो होतो ना.

शनि. २४
सौ.ने कुसुमसाठी नवं लुगडं आणलं, शेजारणींना दाखवून झालं. मग मला राहवेना. तिला बसवलं आणि कुसुमच्या वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला. मामांचा निरोपही सांगितला, जसाच्या तसा.
लुगड्याची घडी करत राहिली. मला वाटलं आता कुसुमवर चिडणार.
"तुमाले तवाच समजलं होतं?"
हो म्हटलं.
"आनि तुमी हासले?"
लग्नाला वीस वर्षं झाली, असं माझ्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं.
घडी मांडीवरून काढून बाजूला ठेवली. म्हणाली, "उद्या ठेसनावर तुमीच जा. एकटे. गाडीतून उतरल्याबरोबर सांगा त्याहीले. घरी आनू नका."
सकाळी जायचं आहे. कोट काढून ठेवलाय. तोंडातून शब्द फुटेल का, देव जाणे.