चेहऱ्याची डावी बाजू

३ जुलै
डावा गाल अजून मेलेलाच. चूळ भरली की पाणी ओघळून अंगावर. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, बहुतेकांचं येतं परत, धीर धरा. धरतेय. दुसरं धरायला आहे काय!

डोळा मिटत नाही. झोपताना लेक थेंब घालते, पापणी ओढून वर चिकटपट्टी लावते. किती हलका हात आहे पोरीचा! ह्यांना विचारलं, फार वाईट दिसतं का? म्हणाले, छे, कळतही नाही. पेपरातून मान वर न काढता.

६ जुलै
कॉलेजात गेले. रजा शिल्लक नाही. शिकवायला नेमकी ती जुनी भयकादंबरी — ओसाड किल्ला, बुरुजात लपून राहणारा वाकड्या तोंडाचा माणूस, आणि गावात खून पडला की सगळे मशाली घेऊन त्याच्याच मागे. खुनी भलताच, देखणा उमराव. माझे ओठ जुळत नाहीत, त्यामुळे 'बुरूज'चा 'उरूज' होतो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. 'वाकडं तोंड' हे शब्द आले तसा सगळा वर्ग पुस्तकात डोकं खुपसून बसला.

७ जुलै
थकवा. बाकी काही नाही.

११ जुलै
प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, प्रवेशाच्या टेबलावर यंदा तुम्ही नको. तिथे पालक येतात, उगाच तुम्हाला ताण. आवाजात एवढी माया, की मीच आभार मानून बाहेर आले! जिना उतरताना राग आला. तोही अर्धाच. चेहऱ्यावर उतरायला जागा कुठे होती?

१५ जुलै
मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं — उमरावाच्या बाहीला रक्त लागलेलं सुरुवातीलाच दिसतं, मग शेवटपर्यंत कुणालाच संशय कसा येत नाही? मी म्हटलं, तुला आला होता? ती जरा घुटमळली.

"नाही, मॅडम. छान दिसतो ना तो."

वर्ग हसला. मीही हसले, उजव्या बाजूनं. आज पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

१९ जुलै
लेकीनं पसंत केलेल्या मुलाकडचे उद्या पहिल्यांदाच घरी येणार. दुपारी वन्संचा फोन. आडून आडून बोलल्या — पहिली भेट आहे, लोक काहीबाही मनात धरतात, हे घराण्यातलं आहे का विचारतील. तू कामासाठी बाहेरगावी गेलीस असं सांगू. हे शेजारीच उभे होते. म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी सांगतेय ती.

भांडायला अंगात जीव नव्हता. हो म्हटलं. फक्त एवढंच बजावलं, की हे लेकीला कळू देऊ नका. तिला फार लागेल.

२० जुलै
दिवसभर वाचनालयात. एकच पान कितीदा वाचलं कोण जाणे. घरी आले तर कपबश्या विसळून पालथ्या घातलेल्या. लग्न ठरलं, हे म्हणाले. लेक गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मी तिला थोपटत राहिले आणि मनातल्या मनात वन्संना नको नको ते बोलून घेतलं.

२८ जुलै
पापणी किंचित हलली. कुणाला सांगितलं नाही.

९ ऑगस्ट
'बुरूज' म्हणता आलं! अगदी 'ब'सकट. डोळाही मिटतो. जेवताना ह्यांनी मला निरखून पाहिलं. म्हणाले, आता कशी माणसात आलीस.

१२ ऑगस्ट
खरेदीचं बोलायला वन्संचा फोन. आज अंगात बळ होतं, म्हणून सुनावलंच — त्या दिवशी मला माझ्याच घरातून बाहेर काढलंत तुम्ही. त्या म्हणाल्या,

"मला कशाला बोलतेस? मला तर तुझ्या चेहऱ्याचं ठाऊकही नव्हतं. तुझ्या लेकीनंच फोन केला होता. आईला तूच सांग म्हणाली, रडत होती."

थोड्या वेळानं लेक आत आली. हातात दोन कापडं. लग्नात माझ्यावर कोणता रंग बरा दिसेल, विचारत होती.

म्हटलं, निळा.