दरीतलं पाणकुत्रं

२८ जून १९५३
पोचले एकदाची! चढून चढून पायांचा भुगा झाला, पण वर आल्यावर सगळं विसरले. मनोऱ्याच्या खोलीला चारही बाजूंनी काचा आणि काचांबाहेर सारा आयडाहो. काम काय, तर वणव्याचा धूर शोधायचा, खोलीच्या मधोमध बसवलेल्या, दिशा मोजायच्या चक्रावर त्याची दिशा धरायची आणि रेडिओवरून खाली वनचौकीतल्या वेंडेलला कळवायचं. सामान घेऊन आलेलं खेचर जाता जाता माझी टोपी खाऊन गेलं. तरी मी खूश आहे.

५ जुलै
आज अब्रू गेली. काल पावसानंतर दरीतून पांढरा धूर वर आला. मी घाईघाईने कळवलं. चार माणसं फावडी घेऊन दिवसभर चढली. आग कसली, नुसतं धुकं! पावसानंतर असे धुक्याचे लोट उठतात, त्यांना इकडे पाणकुत्री म्हणतात. वेंडेल म्हणाला, पोरी, तुझं कुत्रं चावलं का गं आमच्या माणसांना? पलीकडच्या शिखरावर माझंच काम करणारी मेबल तर रेडिओवर चक्क भुंकली. मीही हसले, पण लागलं मनाला.

१२ जुलै
पहिला पाहुणा! लायल टॉलिव्हर, साठीचा, बोलघेवडा. हा मनोरा बांधणाऱ्यांत तो तरुणपणी होता, म्हणून बघायला चढून आला. डब्यातले बीन्स दोघांनी खाल्ले. माझं दार लागत नव्हतं, ते त्याने चाकूने तासून नीट करून दिलं, वर माझ्या कॉफीला डांबर म्हणाला. उतरताना डोंगराच्या धारेवरून तळ्याकडे जाणार होता. एकटेच जाताय, असं मी म्हटलं, तर म्हणाला, पाय घसरलाच तर धूर करीन बाईसाहेब, तुम्ही बसलाच आहात की वर. मी म्हटलं, आहेच मी.

१४ जुलै
सकाळी पाऊस. दुपारी धारेखालच्या घळीतून एक पांढरा लोट उठला. बाकीचे लोट सरकत होते, हा जागचा हलेना. चक्रावर दिशा धरली. रेडिओला हात घातला. मग मेबलचं भुंकणं आठवलं. हात काढून घेतला.
संध्याकाळपर्यंत लोट विरला. पाणकुत्रंच असणार.

१७ जुलै
वेंडेलने विचारलं, टॉलिव्हर घरी पोचला नाही, बायको काळजीत आहे, तुला काही दिसलं होतं का? मी नाही म्हटलं. का म्हटलं? नोकरी जाईल म्हणून नाही. लाज वाटली म्हणून. घळीत बघा, एवढं तरी सांगायला हवं होतं.

१९ जुलै
सापडला. घळीतच. मांडी मोडलेली. शेजारी विझलेली शेकोटी, तिच्यावर धूर व्हावा म्हणून टाकलेल्या ओल्या पाइनच्या डहाळ्या. बराच वेळ जिवंत होता म्हणे. वेंडेल मलाच समजावत होता, पोरी, त्या धुक्यात कोणालाही दिसलं नसतं, जिवाला लावून घेऊ नकोस. मी बरं म्हटलं आणि रेडिओ बंद केला. जेवण जात नाही.

२१ जुलै
आभाळ निरभ्र. घळीतून तोच लोट. सरळ. मेबलला विचारलं. तिला तिथे काहीच दिसत नाही.

२३ जुलै
लोट धारेच्या अलीकडे आलाय. पायवाटेवर. थांबत थांबत येतो, लंगडा माणूस चालावा तसा.

२४ जुलै
जिन्याखाली. ओल्या पाइनचा वास. वेंडेलला सगळं सांगायचं ठरवलं. बटण दाबलं, बोलले, रडले—तो म्हणतो, इडा, ऐकू येत नाही, परत बोल. परत बोलले. ऐकू येत नाही—

२५ जुलै
चारही काचा पांढऱ्या. हात समोर धरला तर—
रेडिओवर मेबल. वेंडेलला सांगतेय, इडाच्या शिखरावरून धूर निघतोय, जागचा हलत नाही. मी ओरडतेय, धूरच आहे, माणसं पाठवा—माझा आवाज जात नाही. वेंडेल हसला. म्हणाला, पहाटे पाऊस झालाय, पाणकुत्रं असेल, उगाच कोणाला दमवायचं नाही. मेबल म्हणाली, हो, तसंच असेल.
जिन्यावर पाय ओढत—दाराशी—
सांगते त्याला. दिसला होता, लायल, तुमचा धूर मला दिसला होता, मी फक्त—