विकीच्या घराजवळ

वर्सोवा कोळीवाडा,
बुधवार

प्रिय दादूस,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत, आईचा गुडघा सोडून, आणि तो बरा कधीच नव्हता. फोनवर तुझ्याशी घरचं काही बोलायला जावं तर तू 'बघू गं बाय' म्हणतोस, मागे कुठला तरी कॉम्प्रेसर घरघरायला लागतो, आणि फोन बंद. कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच कापता येत नाही. तेव्हा निवांत बस आणि पहिल्यापासून वाच. शेवटचं पान आधी उघडलंस तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

चार वर्षं झाली तुला मुलुंडला जाऊन आणि दोन झाली मला नोकरी लागून, पण मी ऑफिसात नक्की काय करते ते तुला कधी धड कळलंच नाही. मित्रांना सांगतोस, 'बहीण मॅपमध्ये आहे.' मी काय अंधेरी स्टेशन आहे? तर ऐक. तू फोनवरून औषध मागवलंस, रिक्षा बोलावलीस, की तुझा फोन फक्त दोन आकडे सांगतो, अक्षांश आणि रेखांश. आपल्या घराचे एकोणीस पॉइंट काहीतरी आणि बहात्तर पॉइंट काहीतरी. आता हे आकडे घेऊन औषधवाल्याने काय करायचं? त्याच्या माणसाला गल्ली पाहिजे, बिल्डिंग पाहिजे, कुणाच्या शेजारी ते पाहिजे. बँकवाल्यांना बघायचं असतं की फॉर्मात लिहिलेला पत्ता आणि माणूस उभा आहे ती जागा एकच आहे का. विमावाल्यांना पाहिजे असतं, गाडी ठोकली ती कुठल्या रस्त्यावर, घर खाडीपासून किती लांब. असे सगळे धंदेवाले आम्हाला आकडे पाठवतात आणि आमचं मशीन पापणी लवायच्या आत त्यांचे पत्ते करून देतं. पत्त्यावरून जागा शोधणं ही सरळ गोष्ट, आमचं काम उलटं, म्हणून ऑफिसात त्याला नुसतं 'रिव्हर्स' म्हणतात. मशीन चुकतं तिथे माणूस लागतो. तो माणूस मी.

मशीन चुकतं कसं, तर त्याला 'माहीत नाही' म्हणायची भारी लाज. त्या आकड्यांवर नाव सापडलं नाही की जवळपास जे नाव ओळखीचं असेल ते चिकटवून मोकळं. आणि आपल्या गल्ल्यांना नावं आहेत कुठे? आपण वाट सांगतो ती ओट्यावरून, विहिरीवरून, बोंबील वाळत घातलेत तिथून, नाहीतर माणसांवरून. त्यामुळे अर्ध्या वाड्याचा पत्ता भिंतीपलीकडच्या टॉवरचा यायचा, आणि खाडीच्या कडेच्या घरांचा तर चक्क खाडीपलीकडच्या मढचा. नंदकिशोर काकांची प्रेशरची गोळी घेऊन एक रायडर बाइकसकट फेरीत चढला, मढला उतरला, तासभर तिकडे भटकला आणि परत आला. तेव्हा कळलं की फेरी पकडायला जाताना तो काकांच्या दारावरूनच गेला होता. काका म्हणाले, "या वर्षी माझ्यापेक्षा जास्त माझी गोळीच दर्यावर गेली."

अशा तक्रारी वाढल्या तेव्हा अपूर्वा मॅडमने, म्हणजे माझ्या बॉसने, आपला वाडा माझ्याच गळ्यात मारला. तू तिथलीच आहेस ना, मग जा आणि प्रत्येक गल्लीला एक तरी खूण दे, लोक तोंडाने जी सांगतात तीच. मी दोन दिवस छत्री घेऊन उन्हात हिंडले. आपल्या गल्लीत आले, आपल्याच दारात उभी राहिले, फोनमध्ये आकडे उमटले, खाली रिकामी चौकट: लोक या जागेला काय म्हणतात? आणि मी लिहिलं, 'विकीचं घर'. देवाशपथ सांगते, विचार करून नाही लिहिलं. तू नववी-दहावीपासून ओट्यावर लोकांचे पंखे आणि मिक्सर उघडून बसायचास, तेव्हापासून सगळा वाडा हेच म्हणतो. विकीच्या घरापासून डावीकडे, विकीच्या घरामागे. बाबांचं नाव होडीला, घराला तुझं. लिहून झालं आणि मग मी जीभ चावली.

का चावली ते तुला वेगळं सांगायला नको, पण आज सगळं बोलतेच आहे तर हेही बोलते. नारळी पौर्णिमेला होडी सजवलेली, बंदरावर अख्खा वाडा जमलेला, आणि तू सगळ्यांसमोर बाबांना सांगितलंस की मला मुलुंडला एसी रिपेअरिंगचं काम लागलंय, मी होडीवर येणार नाही, आणि तुम्हीसुद्धा ही होडी विकून टाका. पहिल्या दोन गोष्टी घरात सांगता आल्या असत्या. तिसरी सांगायचं काही कारणच नव्हतं रे. हे मी तेव्हाही तुला म्हटलं होतं, आजही म्हणते, राग आला तर येऊ दे. पण बाबांनीही हद्द केली. त्या दिवसापासून तुझं नाव त्यांच्या तोंडातून गेलं ते गेलंच. आई बिचारी तुझा फोन आला की 'मुलुंडचा फोन होता' म्हणते, जसा काही कोर्टातून आलाय. आणि तू तिकडे अडून बसलेला, की बाबांनी स्वतः नाव घेऊन बोलावल्याशिवाय उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. बाप तसा लेक. मध्ये आई आणि मी पिळून निघालो. दर नारळी पुनवेला आई तुझ्या वाटचा नारळीभात झाकून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तो मला संपवावा लागतो. मला नारळीभात आवडत नाही, तुला माहितीये.

तर ती नोंद मी ऑफिसात जाऊन पुसणार होते. पण चाळीस गल्ल्यांची यादी होती, आई गुडघ्यासाठी डॉक्टरकडे ने म्हणून मागे लागली होती, मी विसरले. दुसऱ्या दिवशी मॅडमने सगळी यादी एकदम पास केली. वाट लागली! मशीनला आपल्या गल्लीत एकच नाव ठाऊक, मग त्याने बत्तीसच्या बत्तीस घरांना तेच लावलं. विकीच्या घराजवळ, विकीच्या घरासमोर, विकीच्या घरामागे. औषधवाले, कुरियरवाले, रिक्षावाले, सगळ्यांच्या फोनमध्ये तू.

आणि सकाळी ओट्यावर जाळं शिवत कोण बसलेलं असतं? पहिल्या रायडरने विचारलं, काका, विकी का घर किधर है? बाबांनी मान वर केली नाही. दुसऱ्याला म्हणाले, मालूम नाय. तो बिचारा फोन पुढे करून सांगतोय, काका, आप उसी के घर पे बैठे हो. आई आतून ऐकत होती. तिने मला ऑफिसात फोन केला, आणि ती हसते आहे की रडते आहे तेच मला कळेना. तिसऱ्या दिवशी मात्र गंमत राहिली नाही. समोरच्या सुगंधामावशीचं इन्शुलिन आलं, बाबांनी 'मालूम नाय' म्हणून त्या माणसाला परत लावून दिलं. मावशी कमरेवर हात ठेवून ओट्यासमोर उभी राहिली. "चंदर, पोराशी तुझा काय झगडा हाय तो हाय. माझ्या औषधाशी काय झगडा? सांगायला तुझी जीभ झडते काय?" मी घरी येताना दुकानातून इन्शुलिन आणून मावशीला दिलं, आणि रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. माझ्या एका चुकीपायी कुणाचा जीव जायचा. उद्या पहिलं काम ती नोंद पुसायची.

सकाळी मी चपला घालत होते, आणि एक कुरियरवाला आला. तोच प्रश्न. बाबांनी सुई जाळ्यात खोचली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हेच विकीचं घर. बोल, कोण पाहिजे?"

मी नोंद पुसली नाही, दादूस. ऑफिसात गेले आणि दुसरंच काम करत बसले.

आता तर बाबा गल्लीचे वॉचमन झालेत. मागे जायचंय? उजवीकडून जा, डावीकडे कुत्रा हाय. दिवसातून सात-आठ वेळा 'विकीचं घर' म्हणतात, तेही खणखणीत. पण उंबऱ्याच्या आत आले की गप्प. मी आईला म्हटलं, त्यांच्या दृष्टीने तो नुसता पत्ता आहे गं, आपला विकी नव्हे. आई म्हणाली, "पत्ता तर पत्ता. मला ऐकू येतं ना." हे तिने भांडी घासता घासता सांगितलं, आणि मला एवढं भरून आलं की मी उगाच नळ मोठा केला.

मधल्या काळात होडीच्या विम्याचं पत्र आलं. त्या कंपनीनेही पत्ता आमच्याकडूनच उचललेला. वर छापलेलं, श्री. चंदर, विकीच्या घराजवळ, वर्सोवा कोळीवाडा. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "बघ, विमावाल्यांनी मला माझ्याच घराचा शेजारी करून टाकला." आतलं पत्र मला दिलं, आणि रिकामं पाकीट होडीच्या कागदांच्या पिशवीत नीट ठेवून दिलं. होडी अजून आहे, बरं का. खलाशी ठेवलेत दोन, बाबा वाऱ्याचा अंदाज बघून जातात. ते थकलेत, दादूस. तू म्हणाला होतास ते अगदीच खोटं नव्हतं हे त्यांनाही आता कळतं, पण ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला जाऊ नकोस.

गेल्या आठवड्यात अपूर्वा मॅडमने मला बोलावलं. आमच्याकडे नियम आहे, माणसाच्या नावाची खूण ठेवायची तर त्या नावाचं दुकान तरी पाहिजे, नाहीतर तो माणूस तिथे राहायला तरी पाहिजे. नाहीतर उद्या कोणीही आपलं नाव मॅपवर टाकेल. हा विकी कोण, तपास करा. आणि ज्याने नोंद केली त्याने तपास करायचा नाही, म्हणून आमच्या ऑफिसातल्या केतनला पाठवलं. हे माझंच घर आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कप्पाळ माझं! काल सकाळी केतन इकडे आला, आणि मी अंधेरीला ऑफिसात खुर्चीवर बसून स्क्रीनकडे बघत होते. त्याच्या फॉर्मात एकच प्रश्न असतो, या नावाची व्यक्ती इथे राहते का. हो किंवा नाही. 'नाही' आलं की नाव सगळ्यांच्या फोनमधून एका क्षणात जातं. बाबा कधी खोटं बोलत नाहीत, वजनात एक पापलेट इकडचं तिकडे करत नाहीत. मला उत्तर ठाऊक होतं. बाराला पाच कमी असताना फॉर्म आला. हो. खाली केतनने बाबांचं बोलणं उतरवून घेतलेलं: मुलगा आहे माझा, कामाला मुलुंडला जातो, घर हेच. सोबत बाबांचा दारातला फोटो. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि उभे असे ताठ की जणू पासपोर्टच काढायचाय. मी वॉशरूममध्ये जाऊन रडून आले, आणि मग मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या ओरडल्या, ओरडायलाच पाहिजे होतं. पण म्हणाल्या, तपास पुरा होऊ दे. केतन रविवारी अकराला पुन्हा येणार आहे, तसं बाबांनाही सांगून गेलाय, त्या माणसाला एकदा दारात प्रत्यक्ष बघायला.

काल संध्याकाळी घरी आले तर बाबा चहा पीत बसले होते. बशीत चहा ओतत म्हणाले, "मुलुंडवरून इथं यायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, घाटकोपरला उतरून मेट्रो पकडली तर दीड तास. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. हे तुला फोनवर सांगितलं असतं तर म्हणाला असतास, बाय, तू बनवतेस मला. म्हणून कागदावर लिहून देते, जसंच्या तसं, माझा एकही शब्द न घालता. बाबा बशी खाली ठेवून म्हणाले, "मग विकीला सांग, रविवारी नवाला निघ. आणि म्हणावं, बापाला खोटा पाडू नको."

तुझीच बाय,
कल्पिता