लोह्याच्या बाजाराचा आवाज पुसू नये

मी, प्रियदर्शनी आनंदराज सोनकांबळे, वय एकतीस, श्रवणतपासणी तंत्रज्ञ, राहणार नांदेड, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात हैदराबादेत माझ्या डाव्या कानामागच्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. धोका कमी आहे, असं डॉक्टर म्हणतात. कमी म्हणजे शून्य नव्हे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझ्या नावावरची बँकेतली शिल्लक माझे वडील आनंदराज यांना मिळावी. राहतं घर त्यांचंच आहे. माझ्यामागे घरी बुद्धवंदना घ्यावी. जेवणावळ नको.

२. रेकॉर्डर, मायक्रोफोन आणि हेडफोन अंबरीश यांना द्यावेत. ते मूळचे लोह्याचे, नोकरीला पुण्यात, माझ्या ब्लॉगचे जुने वाचक. आमची भेट झालेली नाही. गावच्या गिरणीचा आवाज टाका, शाळेच्या घंटेचा टाका, अशी त्यांची मागणी कायम असते. आता त्यांनी स्वतः यावं. ट्रायपॉड मावसभाऊ प्रज्ञाशील याने एका लग्नासाठी नेला, तो त्याच्याकडेच राहू द्यावा. त्याने आणून दिला तरी घेऊ नये.

३. ‘ऐकून राहिले’ हा माझा ब्लॉग. गावोगावचे आवाज नोंदवून मी तिथे ठेवते आणि प्रत्येकाखाली दोन परिच्छेद लिहिते. नेमाने येणारे वाचक तिघेच. अंबरीश यांचा उल्लेख वर आला. दुसरे लातूरचे माधवराव, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. ते प्रत्येक लेखात चूक काढतात आणि बहुतेक वेळा ती खरोखरच चूक असते. तिसऱ्या चाकूरच्या धुरपताबाई. त्यांना लिहिता येत नाही. सुनेच्या फोनवरून त्या मला बोलून निरोप पाठवतात. पहिला निरोप असा होता:

“बाई, त्या लोह्याच्या बाजारात आमचे मालक ओरडून राहिलेत. लसणाचे. मी रोज ऐकते. ते काढू नका बरं.”

त्यांचे पती केरबा लोह्याच्या आठवडी बाजारात लसूण विकत. कधी वारले, असं मी विचारलं. बाईंनी सांगितलेलं साल माझ्या रेकॉर्डिंगच्या आदल्या वर्षाचं निघालं. मी हे सगळं ब्लॉगवर लिहिलं. त्याखाली माधवरावांनी लिहिलं, “तारखा जुळत नाहीत. त्या बाईंना खरं सांगा, नाहीतर मी सांगतो.” ती प्रतिक्रिया मी काढून टाकली. दुसऱ्या कुणाचीही काढलेली नाही. त्यांचा राग अजून आहे. माझाही.

४. तपासण्यासारखं होतं ते मी तपासलं. लोह्याच्या बाजारात लसणाच्या ओळीत प्रत्येकाची हाळी वेगळी असते. एकाची दुसरा उचलत नाही. तिथल्या तुळजाबाईंना मी रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“केरबाची हाय.”

“पण ते तर गेले ना?”

“हाव. मग मला काय विचारून राहिलीस? तुझ्या डब्यात कसा घुसला ते तू सांग.”

केरबांच्या मागे ती हाळी कुणी घेतलेली नाही, असं ओळीतल्या सगळ्यांनी सांगितलं. मग धुरपताबाईंच्या लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ मिळवला. त्यात केरबा पाहुण्यांना जेवायला बोलावतात. दोन्ही आवाज शेजारी ठेवून मी मोजमाप केलं. ते वेगवेगळ्या माणसांचे आहेत, असं मला सिद्ध करता आलं नाही. एवढंच लिहिते. याहून जास्त मला माहीत नाही.

तारखेचं सांगायला मी चाकूरला गेले. धुरपताबाई म्हणाल्या, “माती मी दिली, अन् तारीख तुमी सांगता व्हय? चहा घ्या. गोड लागायचा न्हाई, सून साखर मोजून टाकती.” निघताना म्हणाल्या, “कसे आले ते त्यांचं त्यांना म्हाईत. तुमी फकस्त दार लावू नका.”

५. म्हणून ब्लॉग माधवरावांच्या ताब्यात द्यावा. फोनवर ते म्हणाले, “मी असलं काही मानत नाही.” मी म्हटलं, “मीही मानत नाही. म्हणूनच तुमच्याकडे देते.” पासवर्डमध्ये जन्मतारीख वापरू नये, एवढंच ते म्हणाले. धुरपताबाई ऐकतात तोवर लोह्याची फाइल जशी आहे तशी राहावी. गोंगाट कमी करू नये, आवाज वाढवू नये, एक सेकंदही कापू नये. फाइलखालची रेकॉर्डिंगची तारीख खरी आहे, तीही राहू द्यावी.

६. माझा आवाज मी प्रत्येक रेकॉर्डिंगमधून काढलेला आहे. याला कारण आहे. आई गेल्यावर तिचा ‘येताना भाजी आणा’ हा फोनवरचा निरोप बाबा रोज ऐकत. पुढे पुढे ऐकून झालं की ते पिशवी घेऊन खाली जात आणि भाजी घेऊन येत. शेवटी त्यांनीच फोन माझ्या हातात दिला आणि “पूस” म्हणाले. मी पुसला. माझ्यामागे त्यांच्यावर पुन्हा तशी वेळ येऊ नये.

लोह्याच्या फाइलमध्ये मात्र मी राहून गेले आहे. सुरुवातीला, शेजारच्या कुणाला तरी, “हाव, चालू झालं,” असं म्हणते. शस्त्रक्रियेचं कळल्यावर धुरपताबाई म्हणाल्या, “तुमी बी हायसा की त्यात. मालकांच्या आदी.” तेवढं कापायला मी फाइल उघडली होती. तशीच बंद केली. कलम पाच मलाही लागू आहे.

बाबांनी ती फाइल ऐकलेली नाही. माधवरावांनी ती त्यांना आपण होऊन ऐकवू नये. पण प्रियदर्शनी कुठे ऐकू येईल का, असं बाबांनी विचारलं, तर खोटं बोलू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं आणि खालील दोघांच्या समोर सही केली. दोघांनीही माझ्या समोर सही केली आहे.

प्रियदर्शनी आनंदराज सोनकांबळे (सही)

साक्षीदार
१. डॉ. भार्गवी जोशी, नांदेड (सही)
२. माधवराव कुलकर्णी, लातूर (सही)

ठिकाण: नांदेड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५