पाचवे कलम सोडून

परमेश्वराला आणि पवित्र मातेला साक्षी ठेवून मी दियानोरा, लॅटिनचे शिक्षक बार्तोलो यांची मुलगी, लोकरीचे व्यापारी दिवंगत वान्नी यांची विधवा, राहणार फ्लॉरेन्स, आर्नो नदीच्या दक्षिण काठी, ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. शरीर थकले आहे, खोकल्यातून रक्त पडते, पण डोके जागेवर आहे. कोणाचेही दडपण नाही, असे इथे लिहायची रीत आहे. तेही लिहिले. दडपण शेजारच्या खुर्चीत बसून भाजलेले बदाम खात आहे.

ते म्हणजे लापो, माझ्या दिराचा मुलगा. या शहरात पुरुष पालकाच्या संमतीशिवाय बाईच्या सहीला किंमत नाही. वडील गेले, भाऊ गेला, नवरा गेला. मूलबाळ झाले नाही. तेव्हा ज्याला मी पाठीत धपाटे घालून लॅटिन शिकवले, त्याची परवानगी घेऊन आता मला मरायचे आहे. प्रत्येक कलम त्याला वाचून दाखवावे आणि तो हो म्हणाला की पुढे जावे, असे नोटरी सेर नाल्दो यांनी सांगितले आहे.

एक. राहते घर. ते माझे नाहीच. वान्नींनी मला हयातीपुरते दिले, माझ्यामागे ते लापोचे. छप्पर उत्तरेच्या अंगाला गळते, तेही त्याचेच. संमती मिळाली.

दोन. काळा लोकरीचा झगा शेजारीण मोन्ना बीचे हिला. तिने माझी तांब्याची परात नेली ती अजून परत आणलेली नाही. परातही तिलाच दिली, म्हणजे तिला माझ्या अंत्ययात्रेत मोकळ्या मनाने रडता येईल. संमती मिळाली.

तीन. वडिलांची पुस्तके टेकडीवरच्या मठातल्या जोगिणींना. तिथे निदान बायका वाचतात. लापोला एकही नाही, कारण त्याला पाने दुमडायची खोड आहे. "काकू, हे फार लागलं हं मला," असे म्हणून त्याने संमती दिली.

चार. सोळाव्या वर्षी मी वडिलांच्या मित्रांपुढे माणसाच्या थोरवीवर लॅटिनमध्ये भाषण केले होते. म्हटले, कोकराला जन्मतः लोकर मिळते, माशाला खवले मिळतात. माणूस तेवढा उघडा येतो, कारण त्याने काय पांघरायचे हे देवाने त्याच्यावरच सोपवले आहे. म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एक जण वडिलांना म्हणाला, "बार्तोलो, मुलगा असता तर नाव काढलं असतं रे!" त्याच हिवाळ्यात माझे लग्न लावून दिले. ते कोकरू आणि तो मासा मला गेल्या वर्षी लापोच्या भाषणात भेटले. माझे नाव नव्हते. लोक रडले, लापोही रडला. ते भाषण मी त्याला आज रीतसर देऊन टाकते, म्हणजे ते चोरीचे राहणार नाही. त्याने मान खाली घालून संमती दिली.

पाच. मार्ता.

मार्ता या घरची गुलाम. काळ्या समुद्रापलीकडची. ती पोरगी असताना वान्नींच्या वडिलांनी तिला व्हेनिसला विकत घेतले. पावतीत दात, उंची आणि गालावरचे देवीचे व्रण यांची नोंद आहे. मार्ता हे नाव इथल्या पाद्र्याने ठेवले. आधीचे ती सांगत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एका चुलीपाशी आहोत. मी लापोला शिकवायची तेव्हा ती शेजारी शेंगा सोलत असे. एकदा म्हणाली, "काय एवढं घोकताय बाई?" मी सांगितले, माणूस स्वतःला हवं तसं घडवू शकतो, असं शिकवतेय. ती इतकी हसली, की शेंगांची टोपली उलटली.

वान्नी मरणाला टेकले तेव्हा मी त्यांना म्हणाले, हिला मोकळी करा. ते म्हणाले, "आणि मग तुझं कोण करणार गं?" मायेपोटीच त्यांनी ती माझ्यासाठी माझ्या हयातीपुरती ठेवली, आणि पुढे घरासोबत लापोला दिली. त्या मायेत आम्ही दोघी अडकलो. माझा श्वास चालू आहे तोवर ती इथली. थांबला की ती लापोची. तिला मी मोकळी करू शकत नाही, कारण ती माझी नाही. तिच्या नावे काही ठेवू शकत नाही, कारण गुलामाचे जे काही ते मालकाचे.

म्हणून मी असे लिहिले: सेत्तिन्यानोचा द्राक्षमळा माझ्या माहेरचा आहे, खरोखर माझा आहे. तो लापोने घ्यावा आणि त्याबदल्यात मार्ताला मोकळी करावी.

लापोने हातातले बदाम खाली ठेवले. "काकू, हे वर्षभर आधी बोलायचं होतंत."

"का? वर्षभरात काय झालं?"

"मला पीसाला नीतिशास्त्र शिकवायची जागा मिळतेय. ती ज्यांच्या हातात आहे त्या धर्मगुरूंना चांगली स्वयंपाकीण हवी आहे. मी मार्ता देण्याचा शब्द देऊन बसलोय."

"लापो, मी अजून मेले नाही."

"तसं नव्हे हो काकू. ते थांबायला तयार आहेत."

"आणि तिथे तू शिकवणार काय?"

त्याने खाली ठेवलेले बदाम पुन्हा मुठीत गोळा केले. मग म्हणाला, "तेच. माणसाची प्रतिष्ठा." आणि रडू लागला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे म्हणावे तर हा पाषाण कोरडाही नाही. ढसाढसा रडतो आणि नाही म्हणतो. त्याच्यावर मला धड रागावताही येईना.

मी सेर नाल्दोंना विचारले, दुसरा पालक नेमता येईल का? ते म्हणाले, "येईल की, मोन्ना दियानोरा. पण मार्ताला सोडायचं की नाही, हे शेवटी लापोच ठरवणार ना?" मी हात टेकले. थोरामोठ्यांची इतकी वचने मला पाठ आहेत, आणि एका बाईला या घराच्या दाराबाहेर सोडणे माझ्याने होत नाही.

सहा. तर मग तो मळा अनाथ मुलींच्या हुंड्यासाठी द्यावा. लापोने लगेच संमती दिली. त्याला मळ्याचा लोभ नव्हता, याचेच मला जास्त वाईट वाटले. लोभी असता तर सौदा जमला असता.

सात. मला वान्नींशेजारी पुरावे. चार शब्द बोलायचे झाल्यास कोणीही बोलावे, लापोने बोलू नये. संमती मिळाली.

सही: दियानोरा

पालक: पाचवे कलम सोडून बाकी सर्व संमत. लापो

साक्षीदार: सेर नाल्दो (नोटरी), गोरो (रंगारी), बेतो (पाववाला), फ्रा ज्युस्तो (धर्मबंधू)

फ्लॉरेन्स, संत मार्तिनोच्या सणाचा दुसरा दिवस, १२ नोव्हेंबर १४८८

सह्यांनंतर लिहिलेले. याला कोणाची संमती घेतलेली नाही.

सगळे गेल्यावर मार्ता कोंबडीचे सूप घेऊन वर आली. दाराआडून तिने सगळे ऐकले होते. मी म्हणाले, "मार्ता, मला नाही जमलं गं."

ती म्हणाली, "ठाऊक आहे. आता तुम्ही मरू नका, म्हणजे झालं. प्या."

मी वाटी संपवली. पोटात काहीच टिकले नाही, सगळे उलटून पडले. तिने माझे तोंड पुसले, चादर बदलली, आणि वाटी घेऊन ती पुन्हा भरायला खाली गेली.