उस्मान मिस्त्रींच्या हातचा चाकू

मलकापूर,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. गुलनाज बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू, जावईबापू आणि मुलं अकोल्यात खुशाल असाल. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. तुझ्या छायाकाकूनं ओल्या हळदीचं लोणचं घातलंय, एक बरणी तुझ्या नावानं बाजूला ठेवली आहे. तुझा भाऊ कामरान रोज अब्बांचं दुकान उघडतो. भट्टी मात्र अजून पेटवलेली नाही, नुसती धार लावून देतो.

अब्बा गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला तुझ्याशी बोलणं झालं नाही. तू दोनदा म्हणालीस, "चाचा, जेवून जा," आणि डोळे दुखतात असं सांगून मी निघून आलो. डोळे दुखत नव्हते.

फोन करता आला असता. पण फोनवर मी हवापाण्याचं बोलेन आणि ठेवून देईन, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितो आहे.

माझं कपाट तुला माहीतच आहे. चित्रकलेचा मास्तर आणि घरात खुकऱ्या, जंबिये, लढाईतल्या संगिनी! गाव हसायचं. पण मी सुट्टीच्या दिवशी धाडपासून पिंपळगाव राजापर्यंत बाजार पालथे घालायचो आणि गंजलेलं काही सापडलं की आधी तुझ्या अब्बांकडे, गनीकडे, न्यायचो. पातं वाचायला मला गनीनं शिकवलं. तापवल्यावर पाणी कमी दिलेलं पातं वाकतं, जास्त दिलेलं तुटतं. ठोक्यांवरून हात ओळखता येतो. तो नुसतं बोट फिरवून सांगायचा, हे कारखान्यातलं, हे लोहाराच्या हातचं. चाळीस वर्षांत मी त्याला एकदाही चुकताना पाहिलं नाही.

त्याला स्वतःला मात्र एकच पातं हवं होतं. तुझ्या आजोबांनी, उस्मान मिस्त्रींनी, थोरला मुलगा रशीद फौजेत निघाला तेव्हा ट्रकच्या कमानपाट्यातून त्याच्यासाठी चाकू घडवला होता. शिसवी मूठ, पितळेची कडी. मुठीपाशी त्यांची नेहमीची खूण, तीन ठिपके, आणि त्याखाली उर्दूतला 'रे'. रशीद एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे गेला आणि 'बेपत्ता' अशी तार आली. मागाहून 'मृत समजावे' असं पत्र आलं, पण तुझ्या दादीनं, नूरबींनी, ते कधी मानलं नाही. गनी तेव्हा सोळा वर्षांचा होता. मी कुठल्याही बाजारातून आलो की तो विचारायचा, "गजूभाऊ, तीन ठिपके दिसले का कुठी?"

बेटा, ते मला दिसले होते.

२०११ सालच्या मार्चमधली गोष्ट. धाडच्या बाजारात एक भंगारवाला गोणपाटावर विळे, खुरपी मांडून बसला होता. त्यांच्यात तो होता. मी उचलला, अंगठ्यानं गंज पुसला. तीन ठिपके, खाली 'रे'. भंगारवाला म्हणाला, "महादेवराव फौजीच्या सुनेनं जुनी पेटी देल्ली, तिच्यात निघाला." महादेवरावांचं गाव तिथून दोन कोसांवर. मी त्याच दुपारी जीपनं गेलो.

ते ओसरीत बाजेवर बसले होते. माझ्या हातात चाकू पाहिला आणि उठून उभे राहिले. सुनेनं पेटी विकल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "रशीदचा हाय तो. तुम्ही त्याच्या घरचे का?"

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. ते दोघं एकाच तुकडीत होते. पहाटे नदी ओलांडताना नाव उलटली. महादेवरावांचा पाय दोरात अडकला आणि ते नावेसकट खाली जाऊ लागले. रशीदला पोहता येत होतं, तो काठाकडे निघालाही होता. तो मागे फिरला. पाण्याखाली दोर कापला, महादेवरावांना वर ढकललं आणि चाकू त्यांच्या हातात कोंबला, कारण अजून एक वेढा राहिला होता. तो वेढा महादेवरावांनी स्वतः कापला. वळून पाहिलं तर रशीद नव्हता. "लई रुंद पाणी होतं, मास्तर. पल्याड दिसत नव्हता. मी लई हाका मारल्या."

ते एकदा मलकापूरला आले होते. तुमच्या गल्लीपर्यंत गेले. दारात नूरबी उभ्या होत्या. यांचा फौजी कोट पाहून त्यांनी विचारलं, "रशीदची काही खबर आणली का?" महादेवराव "नाही" म्हणाले आणि तसेच स्टेशनावर परतले. मला म्हणाले, "तिचा पोरगा माझ्यापायी गेला हे कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही त्याच गावचे. एवढं काम करा. चाकू द्या आणि सांगा."

मी त्यांच्या हातात हात देऊन "सांगतो" म्हणालो.

परतीच्या एसटीत माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला तीन दिवस लागले. हा कागद चौथा आहे. माझ्याकडे सत्तेचाळीस पाती होती. त्यातली काही दोनशे वर्षांची. पण एकाचाही घडवणारा मला माहीत नव्हता, कुणी वापरलं, कुठल्या लढाईत गेलं, काही नाही. आणि आता मांडीवर असा चाकू होता की ज्याचा लोहार मला माहीत, शिपाई माहीत, त्यानं काय कापलं तेही माहीत. गोळा करणाऱ्याला जन्मात असं एखादंच मिळतं. मी ठरवलं, आठ दिवस ठेवतो. साफ करतो, चित्र काढतो, मग देतो. आठ दिवसांनी म्हटलं, ईद झाल्यावर. पुढे तारीख ठरवणंही सोडलं. निरोप सांगितला असता तर चाकू द्यावा लागला असता, म्हणून मी निरोपही सांगितला नाही.

तो मी इतर पात्यांबरोबर ठेवला नाही. गनी कपाट उघडायचा ना, पावसाळ्यात तेल लावायला. म्हणून तो छायाच्या लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. तिलाही सांगितलं नाही.

आता सगळ्यात जड ते लिहितो. तेव्हा तुझी दादी जिवंत होती.

त्या २०१४ साली गेल्या. म्हणजे तीन वर्षं. त्या दर ईदला रशीदच्या नावाची शीरखुर्म्याची वाटी वेगळी काढून ठेवायच्या, तू पाहिलं आहेस. त्यांच्या शेवटच्या ईदला ती वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "तो तं यंदाबी आला नाही. तू खाऊन घे, बाबू." मी खाल्ली, गुलनाज. सगळी खाल्ली.

आणि गावात काय बोलायचे तेही मला ठाऊक होतं. मेला कशाला असेल, तिकडेच राहिला असेल, त्याच लोकांत. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं आहे. एकदा तर गनी शेजारी उभा होता. त्यानं कप ठेवला आणि निघून गेला. एका वाक्यात ते सगळं बंद करता आलं असतं, आणि ते वाक्य फक्त माझ्याकडे होतं. महादेवराव २०१७ ला वारले. निरोप पोचला असं समजूनच गेले.

ऑक्टोबरमध्ये गनीला दवाखान्यात भेटलो तेव्हा मी ठरवूनच गेलो होतो. चाकू पिशवीत होता. त्याला बोलताना धाप लागत होती. मला जवळ बोलावून म्हणाला, "अब्बाच्या हातचा तो चाकू कुठी सापडला तं गुलनाजले देजो. मी तं आता पाह्यत नाही." पिशवी माझ्या पायाशी होती. मी म्हणालो, "देईन." वाटलं, त्याला श्वास लागलाय, आता सांगितलं तर धक्का बसेल, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी कामरानचा फोन आला.

धक्क्याचं निमित्त होतं. मला त्याचे डोळे बघवले नसते, एवढंच.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला येतो, चाकू घेऊन. दार उघडलं नाहीस तर शेजारी ठेवून परत येईन. माफी मागायचा मला हक्क नाही, म्हणून ती मागत नाही. तुला खरं कळावं, एवढंच.

तुझ्या अब्बांचा मित्र म्हणवून घेणारा,
गजेंद्र


अकोला,
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

गजूचाचा,
सलाम.

गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा मी घरात होते. बेल ऐकली. शेजारच्या पुष्पांजलीताईंनी संध्याकाळी पिशवी आणून दिली. लोणच्याची बरणीही होती, ती मी त्यांनाच देऊन टाकली.

चाकू मुलांना दाखवला. धाकट्यानं विचारलं, "याच्यानं चाचादादानं कोणाले मारलं?" मी म्हटलं, कोणाला नाही, एका माणसाला सोडवलं. शाळेत असताना एका मुलीनं मला म्हटलं होतं की तुझा चाचा पळून गेला. मी घरी येऊन अब्बांना विचारलं, तर ते काही बोलले नाहीत. तेव्हा मला राग आला होता त्यांचा. वाटलं, खरंच असेल म्हणून गप्प आहेत. एकोणचाळीस वर्षांची झाले चाचा, आणि मनाच्या कोपऱ्यात ते तसंच होतं. अब्बांना हे सांगायचं राहून गेलं. ते तुमच्यामुळे राहिलं.

काल आम्ही धाडजवळच्या त्या गावी जाऊन आलो. महादेवरावांच्या सुनेनं घरात घेतलं, चहा केला. फोटो दाखवला त्यांचा. ती म्हणाली, म्हातारा बाजारच्या दिवशी ओसरीत बसून म्हणायचा, मलकापूरचं कोणी येईल. कोणी गेलं नाही. तिच्या सासऱ्याला वाचवताना आमचा माणूस गेला हे तिला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं आणि आम्ही दोघी खूप रडलो.

तुमचं पत्र या पाकिटात परत पाठवते आहे. हे मला नाही, दादीला आणि अब्बांना सांगायचं होतं. दादीची आणि अब्बांची कबर जवळजवळ आहे, कामरानला सगळं सांगितलंय, तो तुम्हाला नेईल. तिथं बसा आणि हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचा. "तेव्हा तुझी दादी जिवंत होती" तिथं थांबू नका. कामरान ऐकत उभा राहील. आमच्या घरात ते सगळं ऐकायला आता तोच आहे.

त्यानंतर पुढच्या शुक्रवारी इथं रशीदचाचांच्या नावानं फातिहा आहे. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा. आजवर कोणी पढलीच नाही, दादी पढू द्यायची नाही, जिवंत माणसाची पढतात का म्हणून. बोलावते असं नाही. वाचून झालं असेल तर या, मागे बसा.

डोळ्यांना खरंच जपा.

अब्दुल गनींची मुलगी,
गुलनाज