सेहेचाळीस बायका आणि अकरा मतं

२९ ऑक्टोबर
सापडला! रॉइस बर्कहोल्डर आज बरोबर सापडला. आठ सेकंदांची क्लिप आहे. सभागृहातल्या माइकसमोर उभा राहून म्हणतोय — "लायब्ररी बंद करा, कुलूप लावा, पैसे वाचवा." त्याचंच तोंड, त्याचाच आवाज! आणि हा माणूस काउंटीच्या मंडळावर निवडून यायला बघतोय. एकतीस वर्षं मी त्या लायब्ररीत ग्रंथपाल म्हणून बसले. माझं डोकंच फिरलं.

वाचनमंडळाच्या सेहेचाळीसच्या सेहेचाळीस बायकांना पाठवून दिली. वर लिहिलं — 'मत देण्याआधी हे बघा.' चहा गार झाला, पण जिवाला बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
आमची पेनी जिंकली, रॉइस पडला. अकरा मतांनी!! आख्ख्या काउंटीत अकरा. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

फरक इतका कमी म्हणजे फेरमोजणी आलीच. हाताने, दोघादोघांच्या जोडीने, जोडीत एक आमचा आणि एक त्यांचा. आमच्या बाजूने माझं नाव गेलंय. जोडीदार कोण, ते मोजणीच्या दिवशीच कळेल.

१८ नोव्हेंबर
व्हर्ना हॉस्टेटलर! म्हणजे मला नेमकी तीच मिळायची होती. वय एकाहत्तर, रिपब्लिकन कार्यालयाचा जुना खांब. अंगणात रॉइसच्या नावाचा फलक गोठ्याच्या दाराएवढा. गेल्या निवडणुकीपासून आम्ही दुकानात समोरासमोर आलो तरी डब्यांवरची लेबलं वाचत बसतो.

आणि सकाळी पावणेआठला मागच्या दाराशी हीच बाई गाडीतून अ‍ॅल्युमिनियमची लांब पेटी ओढत होती. पेटीवर हातभर अक्षरांत 'मतपत्रिका'! मी बघतच राहिले. तर म्हणते, "बघत काय उभी राहिलीस? दुसरी कडी धर. वाकडी केलीस तर सगळं क्रीम एका बाजूला जाईल."

आत भोपळ्याचे दोन केक होते. काउंटीने जुन्या पेट्या लिलावात काढल्या तेव्हा हिने चार घेतल्या. दोन ट्रे बरोबर मावतात म्हणे, चर्चच्या जेवणांना पंधरा वर्षं त्यातूनच केक जातात. तिच्या चर्चमध्ये सगळ्यांना ते ठाऊक आहे. बाहेरच्या कुणी पाहिलं तर काय म्हणेल, हे मात्र दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. एक कडी तिने धरली, एक मी, आणि वरातीत निघाल्यासारख्या आत गेलो.

मोजणी कशी, तर एकीने वाचायचं, दुसरीने खूण करायची, पन्नास झाले की अदलाबदल. एक उठली की दुसरीचीही मोजणी थांबते, कागदांपाशी एकटीने बसायचंच नाही. दुपारपर्यंत व्हर्नाने पाच कप कॉफी प्यायली. चौथ्यांदा उठली तेव्हा मी बोललेच, "अशाने ख्रिसमस इथेच होणार." म्हणाली, "माझ्या मूत्राशयाचा कुठलाही पक्ष नाही, लॉर्ना."

हसू आवरेना. केक उत्तम होता, हे लिहायला जड जातंय.

१९ नोव्हेंबर
 

काल आम्ही पेटी नेताना रस्त्यापलीकडून कुणीतरी फोनवर टिपलं. व्हिडिओत मागचं दार, पेटी, 'मतपत्रिका' ही अक्षरं आणि मी. माझ्या तोंडाभोवती लाल गोल! 'ग्रंथपालबाई मागच्या दाराने मतं आत नेताना.' पेटीचं दुसरं टोक कापलंय. कडेला फक्त एक हात उरलाय, अंगठ्याला पट्टी बांधलेला. व्हर्नाचा. परवा भोपळा चिरताना कापला होता.

व्हिडिओ पसरवला ट्रॅव्हिसने, व्हर्नाच्या भावाच्या मुलाने. चाळिशीचा गडी, नऊ हजार लोक त्याचं वाचतात. खाली माझ्या गल्लीचं नावसुद्धा घातलंय.

संध्याकाळपर्यंत सतरा फोन. एक बाई नुसतीच श्वास घेत राहिली. शेवटी फोनची वायर काढली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ह्या लोकांचा सगळा न्याय असाच! स्वतःच्या बाजूचं काहीही असो, खरंच वाटतं ह्यांना.

२० नोव्हेंबर
गेले. कुणाला घाबरून घरी बसणार नाही.

व्हर्नाने व्हिडिओ पाहिला होता. मला कळलं, कारण पट्टीचा हात तिने दिवसभर मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने खुणा केल्या. एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. का विचारावं? तिचं तोंड त्यात नाहीये. ती गप्प राहिली तर तिचं काय बिघडतं? माझंच नाव जातं. कॉफी मात्र एकच कप प्यायली.

२१ नोव्हेंबर
मोजणी संपली. अकराच. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. व्हर्नाने सही केली. स्वतःचा माणूस हरला त्या कागदावर, पूर्ण नावाने, ठसठशीत.

बाहेर आले तर ट्रॅव्हिस तिच्या गाडीला टेकून उभा. मी खांबामागे थांबले, त्याच्या समोरून जायचं धैर्य नव्हतं. सगळं ऐकू आलं.

"आत्या, तू दिसत नाहीस त्यात. विषय संपला."

"माझा अंगठा दिसतो."

"अंगठा कोण ओळखतंय! आता मी मागे घेतलं तर माझं नाक कापलं जाईल. लोक म्हणतील, सगळंच खोटं बोलतो."

"तुला माहीत नव्हतं तोवर ती चूक होती, राजा. आता तुला माहीत आहे."

"सोमवारच्या सभेत तू बोललीस तर चर्चमध्ये तुझ्या शेजारी कुणी बसणार नाही. सांगून ठेवतो."

 ती गाडीत बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

सभेत निकालावर शिक्कामोर्तब व्हायचंय. त्याआधी ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं मिळतात. ती उठेल? मी असते तर उठले असते? खरं सांगायचं तर माहीत नाही.

२५ नोव्हेंबर
हे नीट लिहून ठेवायला हवं.

सभागृह गच्च. भिंतीला लागून माणसं उभी. मी तिसऱ्या रांगेत, माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या — गर्दी असून! पहिले सहा जण माझ्यावरच बोलले. एकाने तर माझ्याकडे बोट करून 'ही बाई' म्हटलं. तो दुसरीत असताना त्याला मी गोष्टी वाचून दाखवायचे.

सातवं नाव पुकारलं, व्हर्ना हॉस्टेटलर. टाळ्या पडल्या, त्यांना वाटलं आपलीच आली. ही बाई चर्चचा निळा कोट घालून, ती पेटी एकटीने ओढत मधल्या वाटेने पुढे. पेटी टेबलावर दाणकन ठेवली. झाकण उघडलं. भोपळ्याचा केक!

"ही माझी पेटी. चार डॉलरला घेतली, पावती घरी आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हिच्यातला केक खाल्लाय, आणि डेन्टन, तू तर तीनदा घेतोस."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मग तिने पट्टीचा हात वर केला.

"व्हिडिओतला हात हा. लॉर्नाला कडी मी धरायला लावली. मतपत्रिकांच्या खोलीला दोन कुलपं आहेत, एक किल्ली आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. चार दिवस मी तिच्यासमोर बसले. ती उठली की मी थांबले, मी उठले की ती थांबली, आणि मी फार वेळा उठते. रॉइस हरला. मला वाईट वाटतं, मी त्याच्यासाठी तीनशे दारं ठोठावली होती. पण हरलाय तो, निवडणूक चोरलेली नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "किती पैसे मिळाले तुला?"

मागे वळूनही न बघता म्हणाली, "माझं अजून एक मिनिट आहे." आणि ते एक मिनिट ती नुसती उभी राहिली. हात वर. घड्याळाची शिट्टी वाजेपर्यंत.

मी रडले. लाज नाही वाटली. अशी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. तिच्या पक्षाला, तिच्या फलकाला, सगळ्याला मी दहा वर्षं नावं ठेवली, आणि आज वाटलं, उठून तिचे हात धरावेत. ती मात्र उरलेल्या लोकांना केक कापून देत होती. फार थोड्यांनी घेतला.

ट्रॅव्हिस तिच्याकडे न बघता निघून गेला. व्हिडिओ तसाच आहे.

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंगचा सण. चर्चने व्हर्नाला कळवलं, यंदा गोड दुसरीकडून येणार आहे. ट्रॅव्हिसकडचंही बोलावणं नाही. मी तिला जेवायला बोलावलं. आली, दोन केक घेऊन. दोघींना दोन ट्रे! राजकारण काढायचं नाही असं ठरवलं आणि सूप संपायच्या आत करांवरून भांडलो. मजा आली. जाताना म्हणाली, "तुझं टर्की कोरडं होतं, लॉर्ना. तुमच्या पक्षासारखं."

३० नोव्हेंबर
व्हर्नाची ती तीन मिनिटं पुन्हा बघायची होती म्हणून काउंटीच्या संकेतस्थळावर गेले. सगळ्या सभांची चित्रणं तिथे ओळीने असतात. खाली ऑगस्टची सभा दिसली. बोलणाऱ्यांत रॉइसचं नाव. सहज लावली.

"लोक मला सांगतात," तो म्हणतो, "लायब्ररी बंद करा, कुलूप लावा, पैसे वाचवा. त्यांना माझं सांगणं आहे, आधी माझ्याशी गाठ आहे. शेतावरून मळक्या हातांनी यायचो मी तिथे. तिथल्या बाईंनी कधी नाक मुरडलं नाही. माझं पहिलं कार्ड त्यांनी करून दिलं."

तिथल्या बाई म्हणजे मी.

चार वेळा लावली. माझ्या क्लिपच्या दोन्ही टोकांना कात्री लावलेली होती. सेहेचाळीस बायका. अकरा मतं.

२ डिसेंबर
पुढच्या सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवलं. मग व्हर्नाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. माझी भावजय तुमच्या वाचनमंडळात आहे." मी म्हटलं, तरी माझ्यासाठी उठलीस?

"तुझ्यासाठी नाही उठले. हात माझा होता."